लिंपलेली खिडकी

लग्न होऊन मी ठाण्याला आले तेव्हा घरात सासू नव्हती, सासरे नव्हते. टेंभी नाक्याजवळच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच. हे कोर्टात वकिली करत. वकिली बेताचीच चाले, त्यामुळे वाचायला यांना वेळ भरपूर. मला अक्षरं यांनीच शिकवली, पण वाचून दाखवायची यांना इतकी हौस की स्वतः पुस्तक उघडण्याची पाळी माझ्यावर फार उशिरा आली. रविवारी दुपारी जेवणं झाली की ओटीवर सतरंजी पसरायची, मी माजघराच्या उंबऱ्याशी बसायचं, आणि हे हातात इंग्रजी पुस्तक धरून तोंडाने मराठी बोलत सुटायचे.

नाद होता तो खुनाच्या गोष्टींचा. मुंबईला गेले की जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन-चार घेऊन येत. प्रत्येक गोष्टीत एक मढं, एक बंद खोली, आणि मेणबत्तीच्या बुडख्यावरून खुनी ओळखणारा एक गुप्तहेर. मला सुरुवातीला फार भीती वाटे. संध्याकाळी परसात जायचं झालं तर मी विनाकारण गाणं म्हणत जायची. पुढे सवय झाली. पुढे तर हे मधेच थांबले की मीच म्हणायची, "मग? दार आतून लावलेलं होतं तर तो बाहेर कसा गेला?"

ऐकायला आणखी एक श्रोते असत, ते डॉक्टर. ते मूळचे कल्याणचे, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. यांच्या सख्ख्या मावशीच्या दिराचा हा मुलगा. त्यांची आई ते पाळण्यात असतानाच बाळंतरोगाने गेली. मावशींना मूलबाळ नव्हतं, लवकरच त्यांचे यजमानही गेले, तेव्हा त्यांनीच याला लहानाचा मोठा केला. डॉक्टरांचं अजून लग्न व्हायचं होतं. गावात ते एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते, किंवा बदनाम म्हणा. कुणाकडे बाळंतीण आजारी म्हणून बोलावणं आलं की हा माणूस आत जाऊन आधी खिडक्या उघडायचा आणि शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवायचा. घरच्या म्हाताऱ्या बोटं मोडायच्या. पण आई अशीच गेली हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांना कुणी तोंडावर फारसं बोलत नसे.

या दोघांचा वाद एकच आणि न संपणारा. यांचं म्हणणं, कुणालाही कधीही उमगणार नाही असा खून जगात होऊच शकत नाही. खुनी कितीही हुशार असू दे, कुठे तरी चुकतोच.

"चुकतो, कारण लेखक त्याला चुकवतो," डॉक्टर म्हणायचे. "गुप्तहेराला पान भरून बोलायला हवं ना! अरे, खरोखर न उमगलेला खून असेल, तर त्याची गोष्ट लिहिणार कोण? ज्याची गोष्ट होते तो पकडलेलाच असतो."

"म्हणजे तो असतो असं तुझं म्हणणं?"

"मी दवाखान्यात बसतो. मढी येतात, मी कागदावर ताप लिहितो, पटकी लिहितो, पान लागलं, साप चावला लिहितो. घरच्यांनी सांगितलं तेच लिहितो. त्यातलं खरं किती, देव जाणे."

एका रविवारी हे ईर्षेला पेटले. म्हणाले, मीच एक गोष्ट लिहितो. मराठीत, आपल्याकडच्या घरात घडणारी. खून असा करतो की तुला दोष काढता येणार नाही, आणि शेवटी माझा गुप्तहेर तो शोधूनही काढील. फक्त मला एक साधन दे. विष नको, सुरी नको, खूण राहायला नको.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. म्हणाले, "कोळसे घे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की त्यातून एक वाफ निघते. ती दिसत नाही. तिला वास नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही, बस. बाळंतिणींच्या खोल्या मी उघडतो त्या काय हौसेने?"

हे इतके खूष झाले की त्यांनी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. मी उंबऱ्याशी बसून ऐकत होते. आमच्या स्वयंपाकघरातली शेगडी त्या दिवशी मी चहा झाल्याबरोबर विझवली.

त्या पावसाळ्यात मावशी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. डॉक्टर दवाखान्याच्या आवारातल्या खोलीत राहत, तिथे मावशींचं सोवळं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ठाण्याला आल्या की त्या आमच्याकडेच उतरत. विधवेच्या लाल आलवणातली बारीकशी, मान खाली घालून काम करत राहणारी बाई. बोलणं अगदी कमी. यांच्या खुनाच्या गोष्टी त्यांना आवडत नसाव्यात असं मला वाटे, पण वाचन सुरू झालं की त्या माझ्यामागे माजघरात वाल सोलत बसत आणि उठून जात नसत.

भाद्रपद लागला होता. गणपती विसर्जन होऊन गेले होते. त्या रविवारी पाऊस असा कोसळत होता की भर दुपारी ओटीवर अंधारून आलं. यांची गोष्ट लिहून झाली होती. डॉक्टर तक्क्याला टेकले, हे घसा खाकरून वाचू लागले. एक सावकार, त्याचा पुतण्या, बंद खोली, खाटेखाली कोळशाची शेगडी. सकाळी नोकर दार फोडतात. हे आवाज खाली आणून वाचत होते, "सावकार बिछान्यावर पडला होता. त्याचा चेहरा निळाकाळा पडला होता..."

"निळा नाही," मावशी म्हणाल्या. "गाल लाल असतात."

त्या इतक्या सहज बोलल्या, की भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं. हे हसून डॉक्टरांकडे वळले. "काय रे, खरं का?"

डॉक्टर सरळ बसले होते. "खरं आहे," ते म्हणाले. "त्या वाफेनं रक्त लालभडक होतं. माणूस जिवंतासारखा दिसतो." मग त्यांनी माजघराच्या काळोखाकडे पाहिलं. "काकू, हे मी याला सांगितलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मावशींच्या हातातला वाल तसाच राहिला.

"मी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला कुंकू मी लावलं. तेव्हा मला केस होते, हातात बांगड्या होत्या. सवाष्ण गेली म्हणून मळवट भरायला मला पुढे केलं. मी बोट टेकवलं, तर गाल असे लाल, की मला वाटलं ही लाजली. मी सासूबाईंना म्हटलंसुद्धा, अहो, जाऊबाई जिवंत आहेत. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली."

यांनी हातातले कागद खाली ठेवले.

डॉक्टर उठून उंबऱ्यापाशी आले आणि खाली बसले, अगदी लहान मूल बसतं तसे. "काकू, सगळं सांगा."

मग मावशींनी सांगितलं. डॉक्टरांच्या आईचं माहेर पुण्याकडचं. तिच्या वडिलांनी आपल्या विधवा झालेल्या थोरल्या मुलीचं पुन्हा लग्न लावून दिलं. त्या दिवसांत तसल्या लग्नाने गावंच्या गावं पेटत. कल्याणच्या भाऊबंदांनी ठरवलं, ही सून घरात आहे तोवर या घरचं पाणी बंद. भटजी येईना, न्हावी येईना. अशातच मुलगा झाला. बारसं केलं, पण पाळण्याशी एकही बाई आली नाही. सासूबाई सुनेला म्हणाल्या, मुलगा इथे ठेव आणि तू माहेरी जा. ती म्हणाली, जाईन तर मुलाला घेऊन जाईन. अडवलंत तर ठाण्याला जाऊन कलेक्टरसाहेबापुढे उभी राहीन.

"आणि मग?"

"मग एके दिवशी तिसऱ्या प्रहरी सासूबाईंनी तुला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. म्हणाल्या, आज हा तुझ्यापाशी असू दे, तिला जरा झोप मिळू दे. तू दिवेलागणीपासून दुधासाठी रडत होतास. मी तुला घेऊन बाळंतिणीच्या खोलीशी गेले, तर दाराला बाहेरून कडी. तुझे वडील तिथे जमिनीवर बसले होते. सासूबाई म्हणाल्या, झोपलीय ती, उठवू नकोस, याला साखरेचं पाणी घाल. सकाळी पाहिलं तर आत राखेनं भरलेली शेगडी, आणि खोलीची खिडकी बाहेरून लिंपलेली. ओलं शेण. का, तर बाळंतिणीला वारा लागतो." त्या जरा थांबल्या. "सारवण-लिंपण आम्हा सुनांचं काम. सासूबाईंनी शेणात हात घातलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या बांगड्यांच्या फटीत शेण होतं."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? तेराव्याला सगळे भाऊबंद पंक्तीला आले. घर पुन्हा सुरू झालं. तुझी आजी वारली, हे गेले. तुझ्या वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही, म्हणून गाव त्यांच्या पाया पडतं, बायकोवर काय माया म्हणून. मी कोण बोलणारी?"

डॉक्टर पायरी उतरून भर पावसात तसेच गेले. त्यांची छत्री आमच्या ओटीवर राहिली. हे रात्री जेवले नाहीत.

दोन-चार दिवसांनी डॉक्टर आले ते मला भेटायला. "वहिनी," ते म्हणाले, "पितृपक्षातली अविधवा नवमी जवळ आली. आमच्याकडे दर वर्षी आईच्या नावानं सवाष्ण जेवते. या वर्षी तुम्ही याल?"

अविधवा नवमीला सवाष्ण जेवते ती गेलेल्या बाईच्या जागी. तिच्या नावाची ओटी तिने घ्यायची. एरवी मी आनंदाने गेले असते. त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणवेना. हेही येतो म्हणाले.

आम्ही सकाळच्या गाडीने मावशींना घेऊन कल्याणला गेलो. शेणाळ्याच्या तळ्यापलीकडे त्यांचं घर, कौलारू, स्वच्छ, पुढे तुळस. ओटीवर डॉक्टरांचे वडील बसले होते. गोरे, उंच, दृष्टी अधू झालेली. ओटीच्या कोपऱ्यात त्यांची वळकटी होती. मावशींनी मला हळूच सांगितलं, भावजी बारा महिने इथेच निजतात. थंडी असो, पाऊस असो, घरात निजत नाहीत.

स्वयंपाक झाला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं रीतीप्रमाणे. पान मांडलं होतं मधल्या खोलीत. मी पाटावर बसले, डॉक्टरांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, मावशींनी शेजारची एक सवाष्ण बोलावली, तिने मला हळदकुंकू लावलं, ओटी भरली. समोरचाच दरवाजा त्या बाळंतिणीच्या खोलीचा. तो उघडा होता. आत गोवऱ्या आणि लाकडं रचलेली, आणि असा काळोख, की टळटळीत दुपारी आतलं काही दिसू नये. मी खीर तोंडात घातली आणि गिळेना. मला एकसारखं वाटत होतं की त्या काळोखातून माझ्या पानाकडे कुणी तरी पाहतंय. रागानं नव्हे, भुकेनं.

म्हाताऱ्यांनी ओटीवरूनच विचारलं, "सवाष्ण जेवली का?" दर वर्षी ते तेवढंच विचारत, आत येत नसत.

"आबा, आत या," डॉक्टर म्हणाले आणि हाताला धरून त्यांना आत घेऊन आले. मग परसातून पहार आणली. गोवऱ्या बाजूला लोटून ते त्या खोलीची भिंत हाताने चाचपू लागले.

"काय करतोस रे?"

"खिडकी शोधतोय."

"तिथे खिडकी नाही."

"होती, भावजी," मावशी दारातून म्हणाल्या. मी त्यांना मोठ्या दिरासमोर बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "डाव्या हाताला. मीच वर्षानुवर्षं तिच्यावरून सारवत आलेय."

पहारीचे घाव बसू लागले. मातीची ढेकळं आत पडली, धूळ उडाली, आणि एकदम पांढऱ्या उजेडाची एक तिरीप खोलीच्या पार मधोमध आली. लाकडी गज दिसू लागले. गजांच्या मधे, चौकटीच्या फटींत, कापडाच्या चिंध्या गच्च ठासलेल्या होत्या. डॉक्टरांनी एक ओढून काढली. मातीने कडक झालेली, पण काळा रंग ओळखू येत होता. मावशींनी ती हातात घेतली, झटकली.

"सासूबाईंची चंद्रकळा," त्या म्हणाल्या. "हरवली म्हणून मोलकरणीला काढून टाकलं होतं."

डॉक्टर वडिलांसमोर येऊन उभे राहिले. केसांत, मिशांवर माती. "आबा, दाराला कडी कुणी घातली?"

मला वाटलं म्हातारा ओरडेल, नाही म्हणेल. यांच्या पुस्तकांतले खुनी पकडले की एकदम पुष्कळ बोलतात. हे गृहस्थ खाली बसले, जसे त्या संध्याकाळी बसले असतील तसे, दाराला पाठ लावून.

"मी," ते म्हणाले. "आई म्हणाली, थोडा वेळ कोंडून ठेव. घुसमटली की घाबरेल, जाते म्हणेल. मी इथेच बसलो होतो. हाक मारली की उघडायचं म्हणून." "तिनं हाकच मारली नाही रे. मी रात्रभर वाट पाहिली. एक हाक मारली असती तर मी उघडलं असतं."

"हाक मारता येत नाही, आबा," डॉक्टर अगदी हलक्या आवाजात म्हणाले. रोग्याला सांगतात तसं. "झोप लागते."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. त्यांना मी नीट दिसत नसणार. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, पाटावर बसलेली बाई, एवढंच दिसत असेल. माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "हाक का मारली नाहीस गं?" मी पाटावरून उठले ती धावत परसात गेले आणि खाल्लेलं सगळं ओकले.

परतीच्या गाडीत मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. खाडीकाठची मिठागरं आली तेव्हा डॉक्टरांनी यांना विचारलं, "वकील म्हणून सांग. हा खून आहे ना? खटला उभा राहील?"

हे म्हणाले, "नाही राहणार. जिनं ठरवलं ती कधीच मेली. प्रेत जळलं. खिडकीत चिंध्या? बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून घरोघर घालतात. कडी? ते म्हणतील, बायको तापात उठून बाहेर पळत होती. बांगडीतल्या शेणावर कुठला न्यायाधीश फाशी देईल? आणि तुझे वडील कोर्टात हे पुन्हा बोलणार नाहीत."

"म्हणजे सुटले."

"सुटले," हे म्हणाले. ते बोलताना त्यांनी माझ्याकडे किंवा डॉक्टरांकडे पाहिलं नाही, बाहेर पाहत होते. ज्या माणसाने वर्षभर रविवारी दुपारी छाती ठोकून सांगितलं की असा खून होऊच शकत नाही, त्याच्याच तोंडून उलटं वदवून घेतल्यासारखं झालं. डॉक्टरांना त्याचा आनंद झाला नाही हे सांगायला नको.

पुढे डॉक्टरांनी ठाण्यात दोन खोल्या घेतल्या आणि मावशींना कायमचं आणलं. वडिलांना त्यांनी टाकलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कल्याणला जात, नाडी पाहत, औषध देत. पण त्या घरातलं पाणी त्यांनी पुन्हा घेतलं नाही. म्हातारे पुढल्या पावसाळ्यात दम्याने गेले. शेवटचे दिवस त्यांना श्वास पुरत नव्हता. डॉक्टर उशाशी बसून पंख्याने वारा घालत होते असं मावशींनी मला सांगितलं. गावाने नाव काढलं, बापाने बायकोवर माया केली, मुलाने बापावर.

यांनी ती गोष्ट पुरी केली, पण कोळसे काढून टाकले आणि सावकाराला कुठल्याशा हिऱ्यापायी सुरीने मारलं. एका मासिकात ती छापून आली. लोकांना आवडली. गुप्तहेराने खुन्याला शेवटच्या पानावर पकडलं. छापलेला अंक घरी आला तेव्हा यांनी तो मला वाचून दाखवला नाही. त्यानंतर आमच्याकडे रविवारी दुपारी प्रवासवर्णनं वाचली जाऊ लागली.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण ठाण्यालाच झालं. मावशी आल्या. सुईण शेकाला शेगडी घेऊन आली तर मावशींनी ती तिच्या हातातून घेतली, शेक झाल्याबरोबर स्वतः बाहेर नेऊन पाणी ओतलं, खिडकी सताड उघडली आणि दाराला आड येईल असा आपला पाट उंबऱ्यावर ठेवून त्यावर बसल्या. सुईण खूप चिडली. म्हणाली, बाळंतीण गारठून मरेल आणि तुम्ही त्याचं पाप घ्याल. मावशी पाटावरून हलल्या नाहीत. थंडीचे दिवस होते, खाडीवरून बोचरा वारा यायचा, मला खोकला झाला, मुलीला पडसं झालं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना औषध दिलं. मी पांघरुणात काकडत मावशींना म्हणायची, "अहो मावशी, थोडा वेळ तरी दार लोटून घ्या ना." त्या मान हलवायच्या आणि मुलीला आपल्या आलवणात गुंडाळून तिथेच बसून राहायच्या.